जगण्याची विद्या

परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला विद्यार्थी आणि व्यवहारात पावलोपावली ठेचाळणारा मनुष्य हे पुष्कळदा एकच असतात, असा सर्वांचाच अनुभव आहे. शाळेत मिळणारी विद्या आणि घरी, वावरात, बाजारात व कचेरीत लागणारी विद्या यांच्यामध्ये एक भिंत उभी राहिलेली आहे. सुखवस्तू घरातील मुलास ही भिंत फारशी नडत नाही; कारण भिंतीपलीकडचे ज्ञान त्याला वडील, काका, मामा यांजकडून घरबसल्या मिळत असते. परंतु ज्याचे आईबाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात, ज्याच्या घराण्यात शाळेचा उंबरठा ओलांडणारा तोच पहिला, त्या मुलास हे ज्ञान शाळेने दिले नाही तर कोणी द्यावे? या प्रश्नाचा थोडासा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे. तो विद्यार्थ्यांनी वाचावा आणि ज्यांच्या घरी वाचणारे दुसरे कोणी नसेल, त्यांनी तो आपल्या आईबापांस वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

अलीकडे ‘जीवनकौशल्ये’ हा शब्द शिक्षकांच्या बोलण्यात वारंवार येतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० नंतरच्या दशकात शाळांकरिता अशा दहा कौशल्यांची एक यादी केली. स्वतःस ओळखणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, चिकित्सक बुद्धीने विचार करणे, नवे काही सुचणे, निर्णय घेणे, अडचणीतून वाट काढणे, आपले म्हणणे नीट मांडणे, माणसांशी नाते जोडणे, मनावरील ताण सोसणे व भावनांना आवर घालणे, ही ती दहा होत. यादी उत्तम आहे. परंतु ती नुसती फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतली, तर पालथ्या घड्यावर पाणी ओतल्यासारखे होईल. पोहणे जसे पाण्यातच शिकावे लागते, तसे निर्णय घेणे हे एखाद्या खऱ्या गोष्टीचा निर्णय घेऊनच शिकता येते.

नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. आपल्या महाराष्ट्रात थोर माणसांनी हा प्रश्न फार पूर्वीच हाती घेतला होता. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. खेड्यातील प्राथमिक शाळांत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी वाचन व लेखन तर सांगितलेच, पण त्याबरोबर मोडी लिपी, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीती यांचाही आग्रह धरला. मोडी कशाला, असे आज कोणी विचारील. त्या काळी खते, करारपत्रे व सावकाराच्या वह्या मोडीत लिहिल्या जात. ज्याला मोडी वाचता येत नसे, त्याला आपण कोणत्या कागदावर अंगठा उमटवीत आहोत हे कळत नसे. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या मुलासाठी मोडी मागितली, ती त्याच्या संरक्षणासाठी.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले व पुढल्याच वर्षी ते पुण्यास आणिले. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नावाचून तडफडणाऱ्या, निराधार अशा शेकडो मुलींना त्यांनी आपल्या आश्रयास आणिले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील मुक्तिसदन या मुलींमुळेच वाढले. नुसते अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबल्या नाहीत. विणकाम, शिवणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणा असे नाना उद्योग तेथे चालत. आणि त्याबरोबर प्रत्येकीस लिहावयास-वाचावयासही शिकविले जाई. तेथे एक छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर याच छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांच्याच हातांनी खिळे जुळवून छापले गेले. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या मुलींस दुष्काळाने रस्त्यावर टाकले होते, त्यांच्या भगिनींच्या हातून एवढा मोठा ग्रंथ तयार व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. तेथे हात आणि अक्षर यांची फारकत नव्हती, हे येथे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसरे उदाहरण तर आपल्या शेजारचेच, वर्धा नदीच्या पलीकडचे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, आणि एखादा हस्तोद्योग हा सर्व शिक्षणाचा केंद्रबिंदू, असे तिचे ठराव होते. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यावरून अभ्यासक्रम आखला आणि पुढे सेवाग्राम येथे हिंदुस्थानी तालीमी संघाने तो प्रत्यक्षात आणिला. ते काम श्री. आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी वाहिले. सूत कातता कातता मुलांनी त्याची लांबी व वजन मोजावे व त्यातून गणित शिकावे. कापूस कोठे पिकतो यावरून भूगोल, आणि कापडाचा व्यापार कसा चालला यावरून इतिहास शिकावा, अशी ती पद्धत होती. ‘नई तालीम’ या नावाने ती प्रसिद्ध आहे.

या योजनेवर त्या काळीही आक्षेप घेण्यात आले आणि ते सगळेच पोकळ नव्हते. शाळा म्हणजे कारखाना होईल, असे कोणी म्हणाले. गरिबाच्या मुलास टकळी व कुदळ आणि श्रीमंताच्या मुलास पुस्तक, अशी वाटणी यातून कायम होईल, अशी भीती दुसऱ्या कोणी बोलून दाखविली. हा दुसरा आक्षेप आम्हास आजही महत्त्वाचा वाटतो. वंचित मुलांना जीवनकौशल्ये शिकवावयाची असे म्हणत जर आपण त्यांच्या हाती पुन्हा झाडू, खुरपे व विळा देणार असू, तर आपण त्यांना शिकविले असे न होता, होते तेथेच बसविले असे होईल. मग मार्ग कोणता?

आमचे मत असे की, प्रथम प्रत्येक मुलास काय येते ते पाहावे आणि मग जे येत नाही ते शिकवावे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील पाड्यांवरचे मूल घ्या. कोलाम पोडावरील बारा वर्षांच्या मुलास जंगलातील झाडे, कंद व पाखरे यांची जी ओळख असते, ती आम्हा शिक्षकांपैकी फार थोड्यांना असेल. बंजारा तांड्यावरील मुलगी पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्या भावंडास सांभाळते आणि हंगामात कापूसही वेचते. यांना श्रमाचे धडे देणे म्हणजे माशाला पोहावयास शिकविण्यासारखे आहे. यांची अडचण निराळीच असते. घरी कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारे हे मूल तलाठ्यापुढे, बँकेच्या खिडकीपुढे, दवाखान्यात किंवा वजनकाट्यापुढे उभे राहिले म्हणजे त्याची वाचा बसते. तेथील भाषा, कागद व आकडे त्याच्या ओळखीचे नसतात. याच्या उलट शहरातील सुखवस्तू मुलास कागद वाचता येतो, पण स्वतःचे ताट घासता येत नाही, आणि जो मनुष्य ते घासतो त्याचे नावही त्यास ठाऊक नसते. तेव्हा सुखवस्तू मुलास श्रम शिकविले पाहिजेत आणि श्रमिकाच्या मुलास कागद शिकविला पाहिजे. आणि हे दोन्ही एकाच वर्गात, एकाच बाकावर व्हावयास हवे. आमच्या प्रभूंचे बालपण नासरेथात सुताराच्या घरी गेले, प्रेषित पौल तंबू करून पोट भरीत असे. पण तोच पौल लेखणीही तितक्याच सामर्थ्याने चालवी. हात आणि लेखणी यांचे वैर धर्मालाही मान्य नाही.

हा केवळ तात्त्विक वाद नव्हे. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यावर जे संकट ओढवले, ते पालकांच्या स्मरणात असेलच. कपाशीवर औषध फवारता फवारता शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जण दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर उंच वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावर व तोंडावर येत होता. हवा दमट व उष्ण होती. दोन-तीन औषधे एकत्र कालवून मारली जात होती. तोंडास फडके, हातात मोजे, अंगात पूर्ण कपडे ही साधने पुष्कळांपाशी नव्हती. मजुरीवर फवारणी करणाऱ्याने औषध निवडलेले नसते आणि पुष्कळदा डब्यावरचा मजकूरही पाहिलेला नसतो. संकटाची कारणे अनेक होती आणि त्यांचा सर्व भार त्या बिचाऱ्या मजुरांवर टाकणे हा अन्याय होईल. औषध विकणारे व विकू देणारे यांचीही जबाबदारी मोठी आहे. तथापि डब्यावर काय लिहिले आहे हे वाचणारा एक जण घरात असणे, ही गोष्ट शाळेच्या हातची आहे. आणि म्हणून तिचा विचार शाळेने केलाच पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर एक चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे त्रिकोणात, रंग भरलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे त्या मानाने कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नये. ज्याला एक अक्षर येत नाही, त्यालाही हे चार रंग ओळखता येतील. यानंतर येते प्रमाण. पुस्तकातील त्रैराशिक आपण पाठ करतो. त्याचा खरा उपयोग येथे आहे. समजा, दहा लिटर पाण्यात वीस मिलिलिटर औषध घालावे असे लेबलावर लिहिले आहे आणि आपला पंप पंधरा लिटरचा आहे. तर औषध किती? तीस मिलिलिटर. ते अंदाजाने टोपणभर ओतावयाचे नसून मापाने मोजावयाचे. वाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करून फवारू नये, फवारताना तंबाखू, विडी, पाणी यांस हात लावू नये, घरी येताच साबणाने अंग धुवावे, कपडे निराळे धुवावे आणि रिकामा डबा पाण्यासाठी कधीही वापरू नये. लाळ गळणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ व वांती ही लक्षणे दिसताच भिजलेले कपडे उतरवून अंग धुवावे आणि डब्याचे लेबल बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कारण कोणते विष हे डॉक्टरांस समजले म्हणजे उपाय लवकर होतो. हे सर्व तुम्ही वडील मंडळीस समजावून सांगण्यासाठी शिकावयाचे आहे. पंप तुमच्या पाठीवर कोणीही देऊ नये. ते काम मुलांचे नव्हे. वर्गात हा पाठ घेताना शिक्षकांनीही खरा डबा न आणता त्याचे चित्र फळ्यावर काढावे.

सर्पदंशाची गोष्टही अशीच. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर निजलेल्यास चावते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकास दूरध्वनी करून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. या विषांवरची लस तेथे मिळते, मांत्रिकाकडे मिळत नाही. मंत्रतंत्रात गेलेला अर्धा तास पुष्कळदा प्राणाची किंमत घेतो.

आता पैशाचा एक हिशेब पाहू. सावकार म्हणतो, “शेकडा पाचच द्या.” ऐकावयास आकडा लहान वाटतो, पण तो महिन्याचा असतो. दहा हजार रुपयांवर दरमहा पाचशे, म्हणजे वर्षाचे सहा हजार रुपये केवळ व्याज! तेच कर्ज समजा वर्षाला शेकडा बारा दराने मिळाले, तर व्याज होते बाराशे. ‘महिन्याचा की वर्षाचा’ हा एक प्रश्न विचारण्याचे धैर्य व ज्ञान ज्या घरात आहे, त्या घराचे चार हजार आठशे रुपये वाचतात. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, हेही प्रत्येक मुलास ठाऊक असावे. याच जातीचे आणखी काही धडे आहेत. वजन करण्यापूर्वी काटा शून्यावर आहे ना हे पाहणे; पावती मागून घेणे व ती जपून ठेवणे; बँकेचे पासबुक वाचणे; मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही न सांगणे; आणि न वाचलेल्या कागदावर सही न करणे. जोतीरावांच्या काळातील मोडीची जागा आज या कागदांनी व या पडद्यांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

शेवटचे कौशल्य मनाचे. कर्जाने व नापिकीने खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर दुःखाने घेतले जाते. अशा घरातील मुले आपल्या वर्गांत बसतात आणि पुष्कळदा काही बोलत नाहीत. मनातील दुःख विश्वासाच्या माणसापाशी बोलणे ही दुर्बलता नसून ती एक विद्या आहे, आणि तीही शिकवावी लागते. वर्गात एखादा मुलगा चार दिवस गप्प असेल, तर त्याच्या शेजारी बसणाऱ्याने त्यास विचारावे आणि शिक्षकांस कळवावे. मन फार खचले असता १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणासही बोलता येते. तसेच एखाद्या बालिकेचा विवाह अठरा वर्षांच्या आत ठरत असेल किंवा एखाद्या मुलाचा छळ होत असेल, तर १०९८ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

हे धडे शिकवावयाचे कसे? त्यासाठी निराळे पुस्तक किंवा निराळा तास हवाच असे नाही. गणिताच्या तासास व्याज व औषधाचे प्रमाण, मराठीच्या तासास अर्ज व तक्रारपत्र, विज्ञानाच्या तासास सर्पदंश, भूगोलाच्या तासास गावाचा नकाशा व दवाखान्याची वाट, असे सहज करता येईल. एका मुलाने बँकेचा कारकून व्हावे, दुसऱ्याने खातेदार. एकीने तलाठी व्हावे, दुसरीने दाखला मागणारी. पहिल्या दिवशी हसू येईल, चौथ्या दिवशी जीभ मोकळी होईल. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलास प्रथम त्याच्याच भाषेत सांगू द्यावे आणि त्याच्या वनस्पतिज्ञानाचा लाभ साऱ्या वर्गास द्यावा. ज्याच्याकडून वर्ग काही शिकला, तो मुलगा पुन्हा मान खाली घालून बसत नाही. आणि शाळेचे अंगण झाडण्याची पाळी असेल तेव्हा ती सर्वांना समान असावी. डॉक्टरांच्या मुलास सूट आणि सालदाराच्या मुलास दोनदा, असे कदापि होऊ नये.

पालकहो, आपणापाशी एवढेच मागणे आहे. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन डब्यावरील रंग दाखवू लागली, व्याजाचा दर विचारू लागली, तर “तुला काय कळते!” म्हणून तिला गप्प बसवू नका. तिचे क्षणभर ऐका. चुकत असेल तर सुधारा. बरोबर असेल तर तसे वागा. शाळेने कितीही शिकविले, तरी घरात ऐकणारे कोणी नसेल तर ते शिकविणे वाया जाते.

येता खरीप हंगाम दूर नाही. औषधाचा डबा घरात आला की तो उघडण्यापूर्वी मुलाच्या हाती न देता त्याच्यापुढे धरावा आणि त्याच्याकडून त्यावरचा मजकूर मोठ्याने वाचवून घ्यावा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांतील जे त्यास येईल ते त्याने वाचावे. जे येणार नाही ते दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन आम्हास विचारावे. तो प्रश्न ऐकावयास आम्ही उत्सुक आहो.